आईसाठी पाहिलेलं स्थळ

माझ्या बासष्ट वर्षांच्या आईसाठी मी तुमसरला स्थळ पाहायला गेलो होतो, असं मी कुठेही म्हटलं की समोरचा माणूस हातातला कप खाली ठेवतो. म्हणून खुलासा आधीच करतो. स्थळ म्हणजे नर्सिंग होम. पाहायला गेलो होतो आम्ही तिघं, आणि नर्सिंग होम कसं पाहतात हे तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

ते साल एक्क्याऐंशी. दिवाळी आटोपली आणि आईला लकवा झाला. डावा हात गेला, डावा पाय गेला, जीभ जड झाली. जीवावरचं टळलं म्हणून आठवडाभराने आम्ही तिला इस्पितळातून घरी आणलं. तीन आठवडे झाल्यावर मी इस्पितळाचे कागद घेऊन आमच्या भंडाऱ्यातल्याच डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, "औषधाचं काम संपलं. आता हातपाय हलवून घेणारी माणसं पाहिजेत. तुमसरला डॉक्टर बिसेन लकव्याचे पेशंट ठेवतात, तिथे न्या. पहिल्या दोन महिन्यांत हात हलला तर हलला, नाहीतर जन्मभर खाट." बिसेनांच्या नर्सिंग होममध्ये खाटा होत्या आठ. मी निरोप पाठवला. उत्तर आलं की एक खाट रिकामी होते आहे, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत ठेवतो, त्यानंतर दुसरा पेशंट येणार.

हे कळलं सोमवारी. माझी बायको रुखमिणी म्हणाली, "मग उद्याच नेऊ." त्या अख्ख्या आठवड्यात आमच्या घरात बोललं गेलेलं हे एकमेव शहाणपणाचं वाक्य, आणि त्याकडे कोणीही लक्ष दिलं नाही.

लक्ष दिलं ते लक्ष्मणरावांच्या बोलण्याकडे. लक्ष्मणराव आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी, कचेरीतून रेकॉर्डकीपर म्हणून निवृत्त झालेले. आईला लकवा झाला त्या दिवशी पहिला सल्ला त्यांचाच होता. "लकव्याच्या माणसाले हलवाचं नाही, खुशालराव. हलवलं का वारं दुसऱ्या अंगात शिरते." आम्ही तो सल्ला तंतोतंत पाळला होता. आईला खाटेवर सरळ उताणी निजवली होती आणि भेटायला येणाऱ्याला मी अभिमानाने सांगत असे की तिला तसूभरही हलू दिलेलं नाही. आता त्यांनी दुसरा सल्ला दिला.

"माणूस म्हैस घेते तरी चार घरी विचारते. तुमी त सख्खी माय ठेवून राहिले. पाहून नाही येत का?"

मी म्हटलं, "पाहायचं काय पण?"

"ते माह्यावर सोडा," म्हणाले, आणि घरात जाऊन त्यांनी एका रजिस्टरवर रेघा मारायला सुरुवात केली. बुधवारपर्यंत त्यात एक्केचाळीस प्रश्न झाले. एकविसावा प्रश्न 'गच्ची आहे काय व असल्यास कठडा आहे काय' असा होता. ज्या बाईला कूस वळता येत नव्हती, ती गच्चीवर कशी जाणार हे मी विचारलं, तर ते म्हणाले की कागद पुरा पाहिजे.

मंगळवारी टिकाराममामा आले. आईचे थोरले भाऊ. बहिणीला परक्या छपराखाली ठेवायचं तर माहेरच्या माणसाची संमती पाहिजे, हे त्यांचं म्हणणं आणि आमच्यात ते कोणी मोडत नाही. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. मामा माझ्या पाया पडले आणि त्यानंतर त्यांनी माझं एक अक्षर ऐकलं नाही.

मामांनी आजवर सतरा मुलींसाठी घरं पाहिली होती आणि त्यांतली एकही मुलगी माहेरी परत आली नव्हती. त्यांचे नियम ठरलेले. पहिला, घरमालकापेक्षा घरातला म्हातारा बैल पाहायचा. काम न करणाऱ्या बैलाला जे लोक पोटभर घालतात ते सुनेला उपाशी ठेवत नाहीत. दुसरा, तांदूळ दाताखाली धरून पाहायचा. तिसरा, मनाचा निर्णय होईपर्यंत त्या घरचं पाणीही प्यायचं नाही, कारण तोंडात काही गेलं की नकार द्यायला तोंड राहत नाही. चौथा, जागेवर उत्तर द्यायचं नाही; घरी जाऊन खबर करतो म्हणायचं.

"मामा, ते नर्सिंग होम आहे. तिथे बैल नसतो," मी म्हटलं.

"मंग म्हातारं काई त असनच," मामा म्हणाले. "आंगण पाहिलं का मले समजते."

आता रजा. आमच्या कचेरीतले बडेबाबू माझा अर्ज दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "कारण काय लिहिलं? नर्सिंग होम पाहणे? आई भरती झाली का?"

"पाहिल्यावर होईल."

"मग झाल्यावर रजा घ्या. अजून कारणच घडलेलं नाही." शेवटी 'खाजगी काम' असं लिहून बुधवारची रजा मिळाली. शुक्रवारी मात्र सकाळी सही करूनच जायचं, असं बजावलं. शुक्रवारच्या सहीने माझं काय केलं ते पुढे येईलच.

बुधवारी एसटीने आम्ही तिघं तुमसरला उतरलो. राइस मिलच्या मागे एक मजली इमारत, पुढे झाडलेलं अंगण, एका बाजूला धुतलेल्या चादरी वाळत घातलेल्या. मला तर बघताक्षणी बरं वाटलं. पण मी मामांकडे पाहिलं. ते अंगणाच्या मधोमध उभे राहून सगळीकडे नजर फिरवत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं.

चाळिशीतली एक ठेंगणी, चटपटीत सिस्टर बाहेर आली. कुंताबाई तिचं नाव. डॉक्टर तपासण्या करून राहिले, बसा, चहा सांगते, म्हणाली.

"चाय नाही," मामा म्हणाले.

"मंग पानी?"

"पानीबी नाही."

"उपास आहे का?" तिने विचारलं. मामा नुसते हसले. घर पाहायला गेल्यावर ते असंच हसत असावेत. लक्ष्मणरावांनी रजिस्टर उघडून लिहिलं, 'वागणूक: नम्र, पण चौकशी करते.'

मग मामा सरळ स्वयंपाकघरात शिरले. डब्यातून मूठभर तांदूळ घेऊन चार दाणे दाताखाली फोडले आणि म्हणाले, "जुना आहे, पचाले हलका. नवा घालत नाही. शहाणे आहेत." विहिरीत वाकून पाणी पाहिलं. म्हातारं जनावर शोधत मागच्या बाजूला गेले. तिथे एक म्हातारा चौकीदार उन्हात बसला होता, त्याला उभं करून त्याच्या चपला पाहिल्या. चपला नव्या होत्या. "घर बरं दिसून राह्यलं," मामा माझ्या कानात म्हणाले. मला वाटलं, जमलं. आत्ताच हो म्हणावं, शुक्रवारची खाट पक्की करावी आणि तीनच्या एसटीने परत जावं.

तेवढ्यात लक्ष्मणराव वॉर्डात शिरलेले मला दिसले.

पहिल्याच खाटेवर भैय्यालालजी नावाचे एक वृद्ध होते. अंगावर स्वच्छ बंडी, उशाला टेकून बसलेले. लक्ष्मणरावांनी स्टूल ओढून घेतलं.

"जेवन पोटभर भेटते?"

"हाव," भैय्यालालजी म्हणाले.

"औषध टायमावर?"

"हाव."

अशी बारा उत्तरं झाली. बाराही 'हाव', म्हणजे होय. लक्ष्मणराव खुशीत आले. इतका सुसंगत साक्षीदार त्यांना कचेरीतही मिळाला नसेल. मग आवाज खाली करून त्यांनी तेरावा प्रश्न विचारला.

"मारते का कोणी?"

"हाव."

लक्ष्मणरावांची लेखणी थांबली. "कोण मारते? ते सिस्टर?"

"हाव."

"रोज?"

"हाव," म्हणताना भैय्यालालजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

मामांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून कमरेला बांधला. मी म्हटलं, "मामा, जरा थांबा," पण मघाशीच सांगितलं की पाया पडून झाल्यावर ते माझं ऐकत नाहीत. "डॉक्टर!" त्यांनी हाक मारली. त्या हाकेने आठही खाटा हादरल्या असतील. "म्हाताऱ्या मानसाले रोज मार देता अन् बाहेरून चादरी धुता? माही बहीन इथं ठेवू मी?"

डॉक्टर बिसेन आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रजिस्टर वाचलं. मग भैय्यालालजींच्या पायाशी बसून विचारलं, "भैय्यालालजी, तुम्ही इंग्लंडचे राजे आहात का?"

"हाव."

"आणि हे तिघं लोक शहाणे आहेत?"

"हाव," भैय्यालालजी म्हणाले.

"पाहा," डॉक्टर आमच्याकडे वळले. "लकव्यानं यांचे सगळे शब्द गेले. तीन महिने एक आवाज नव्हता तोंडात. हा एक शब्द त्या बाईनं महिनाभर रोज यांच्यासमोर बसून परत आणला. आणि तुम्ही त्याच शब्दावर तिच्यावर आळ घेता?"

कुंताबाई दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. खाटेखालचं भांडं उचललं आणि आमच्या मधून वाट काढत बाहेर निघून गेली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"तुमचा पेशंट मी घेत नाही," डॉक्टर म्हणाले. "दुसरी जागा पाहा."

परतीच्या एसटीत मोहाडीला मामा म्हणाले, "नकार आपन द्याचा रायते. त्यायनं कसा देल्ला?" सतरा घरांत असं घडलं नव्हतं. आणि गंमत अशी की नकार मिळाल्याबरोबर त्यांना तेच स्थळ पाहिजे झालं. "ठेवीन त तिथंच ठेवीन," म्हणाले. मला हसू यायला हवं होतं, पण मनात एकच हिशेब चालू होता. लकव्याला तीस दिवस झाले होते. दोन महिन्यांतला एक संपला होता. दुसरी जागा नागपूरशिवाय नव्हती आणि नागपुरात आमचं कोणी नव्हतं.

घरी रुखमिणीने आईच्या खोलीच्या दारातच तांदूळ-विहिरीपासून सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "माय विचारून राहिल्या होत्या, कधी जायचं म्हणून." मला जेवण गेलं नाही.

गुरुवारी मी तारऑफिसात ट्रंककॉल लावला. सकाळी दहाला नोंदवलेला फोन दुपारी एकला लागला. मधल्या तीन तासांत खिडकीतला माणूस दर वेळी "लाइन बिझी आहे" म्हणे आणि मी दर वेळी काय बोलायचं ते नव्याने जुळवत असे. लागल्यावर सगळं विसरलो. "डॉक्टरसाहेब, चूक झाली. आईचा हात जाईल हो," एवढंच तोंडून निघालं.

मग डॉक्टर म्हणाले, "माझी माफी नको. कुंताबाईंची मागा. त्या हो म्हणाल्या तर पाहू. पण बाराच्या आत. मिलवाल्यांचे वडील बाराला येतात, त्यांना मी शब्द दिलाय."

माफीनामा लक्ष्मणरावांनीच लिहून दिला. 'अर्जदारांकडून अनवधानाने झालेल्या आक्षेपार्ह विधानाबद्दल सविनय दिलगिरी' अशी त्याची सुरुवात होती. मी तो घडी करून खिशात ठेवला.

शुक्रवारी मेटाडोर मिळाली ती चिखला इथल्या मँगनीज खाणीतला माल वाहणारी. ड्रायव्हर ओळखीचा, तिकडेच रिकामा चालला होता. त्याने मागे भाताचं तणस पसरलं, त्यावर आम्ही गादी टाकली. आईला गादीसकट उचलून ठेवलं, अजिबात न हलवता. रुखमिणी उशाशी, मामा पायाशी, लक्ष्मणराव रजिस्टर नसलेल्या हातांनी कडेची फळी धरून. "मी जबाबदार आहो, मी येतो," म्हणाले, तेव्हा नाही म्हणवलं नाही.

पण साडेनऊला निघायचं ते निघालो पावणेअकराला, कारण बडेबाबूंना हजेरीपुस्तकाच्या कपाटाची किल्ली सापडत नव्हती आणि सही केल्याशिवाय ते मला सोडत नव्हते. वरठीचं रेल्वेफाटक आमच्या डोळ्यांसमोर पडलं. मालगाडी आली ती हळूहळू, आणि इंजिन पुढे जाऊन गाडी तिथेच उभी राहिली. मी खाली उतरून डबे मोजले. काही उपयोग नव्हता, पण मोजले. सव्वाअकरा झाले. मामा फाटकवाल्याशी भांडले, लक्ष्मणरावांनी त्याला नियम विचारले, आणि फाटकवाला आमच्याकडे न बघता तंबाखू मळत राहिला. मागून आईचा कण्हण्याचा आवाज आला. मी वाकून पाहिलं तर तिने डोळे मिटून घेतले.

फाटक उघडलं तेव्हा अकरा पंचवीस. त्यानंतर ड्रायव्हरने गाडी पळवली. खाणीची काळी धूळ मेटाडोरच्या फटीफटीत बसलेली होती, ती उठून आमच्यावर बसायला लागली. पांढरं लुगडं नेसलेली आई मोहाडीपर्यंत करडी झाली. मी सारखा घड्याळ बघत होतो. खड्डा आला की रुखमिणी आईचा खांदा दाबून धरी आणि आई दात आवळी. "झालं, माय, आलंच," मी म्हणत होतो, आणि आलेलं काहीच नव्हतं.

नर्सिंग होमच्या अंगणात शिरलो तेव्हा बारा वाजून आठ मिनिटं झाली होती. दाराशी जीप उभी होती. मिलवाल्यांची माणसं गादी, कंदील, पितळी तांब्या असं सामान उतरवत होती आणि त्यांचे वडील काठी टेकत एक-एक पायरी चढत होते. डॉक्टर बिसेन ओट्यावर होते. त्यांनी मनगट वर करून घड्याळ दाखवलं. ते रागावलेले नव्हते, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

मी काळ्या तोंडाने कुंताबाईसमोर जाऊन उभा राहिलो आणि खिशातला कागद काढला. "अर्जदारांकडून..." मी वाचायला लागलो. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती मेटाडोरकडे पाहत होती. मग माझ्या बाजूने निघून गेली आणि पदर खोचून वर चढली.

"बाई, नाव काय तुमचं?"

"आ... नंदा."

"आनंदाबाई, तुमाले जराशी कुशीवर घेऊन राहिली. दुखलं त सांगा."

"हलवू नका!" लक्ष्मणराव ओरडले. कुंताबाईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. तिने एक हात आईच्या खांद्याखाली, एक कमरेखाली घातला आणि आई सहज वळली. लुगडं पाठीला चिकटलेलं होतं. तिने पाणी मागितलं, ते भिजवलं आणि हळूहळू सोडवलं.

कमरेच्या खाली, माकडहाडाजवळ, तळहाताएवढी जखम होती. कडेने काळी, आतून ओली. चार दिवस खोलीत वास येत होता. आम्ही गादी उन्हात टाकायचं ठरवत होतो आणि उदबत्त्या लावत होतो. रुखमिणी रोज आईचं तोंड पुसायची, हातपाय पुसायची, पण वळवायची नाही, कारण वळवायचं नाही असं आम्ही सगळ्यांनी तिला बजावलं होतं. तिने पदराचा बोळा तोंडात धरला.

"कूस कोण बदलवत होतं?" कुंताबाईने विचारलं. आवाज चढवला नाही.

रुखमिणीने लक्ष्मणरावांकडे पाहिलं.

"किती दिवस अशी चित?"

"तीन आठवडे," मी म्हटलं. "वर चार दिवस."

"पाठ कोणी पाह्यली?"

तिने डॉक्टरांकडे वळून सांगितलं, "डॉक्टरसाहेब, हे बाई इथून वापस नाही जात."

डॉक्टर वर चढून आले, जखम पाहिली आणि खाली उतरून मिलवाल्यांपाशी गेले. "तुमचे वडील पायऱ्या चढून आले. त्यांना सोमवारी आणा." मिलवाले काही म्हणणार होते. त्यांतला एक जण मेटाडोरजवळ आला, आत बघितलं, आणि आपली गादी परत जीपमध्ये ठेवायला लागला.

पुढे जखम भरायलाच महिना गेला, हाताचे व्यायाम त्यामुळे मागे पडले, तरी फेब्रुवारीत आईची डावी बोटं हलली आणि मार्चात ती काठीने चालली. हे मी लोकांना आनंदाने सांगतो. पण मला स्वतःला आठवते ती त्या शुक्रवारची दुपार. जखम धुऊन पट्टी बांधली, आणि कुंताबाईने मला खाटेपाशी बोलावलं. मी पुन्हा तो कागद पुढे केला.

"ते ठेवा खिशात. दोन्ही हात लागतात," ती म्हणाली. "पंजा पसरा. ओढू नका, लोटा. दर दोन घंट्यानं. घरी गेल्यावर तुमालेच करा लागते."

मी पंजे पसरून आईच्या पाठीखाली घातले. तिची पाठ गरम होती आणि माझ्या दोन पंजांत मावेल इतकी लहान. तिला कुशीवर घेतलं तेव्हा तिचं तोंड माझ्यासमोर आलं.

"माय, एवढं दुखून राहिलं होतं तर तू बोलली काहून नाही?"

ती एक-एक शब्द गोळा करून बोलली. "तुमी... सारे जन... एवढं पाहून राह्यले होते. तांदूळ... हिरीचं पानी... म्हनलं, पाहतीन... कधी तरी... इकडंबी."

मामांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला रडू फुटलं, आणि डोळे पुसता आले नाहीत, कारण दोन्ही हात आईच्या पाठीखाली होते.